प्रौढांच्या एडीएचडीचे उपचार रखडले तर: नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तक्रार कशी करावी

पस्तिशीतली एखादी व्यक्ती सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन आपल्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार) असावा, तपासणी व्हावी, अशी विनंती करते, तेव्हा पुढचा उशीर एकदम होत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी साचत जातो. चाचणीची तारीख लांबची मिळते. त्या दिवशी चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ रजेवर असतात. पुढच्या खेपेस ओपीडीत नवे निवासी डॉक्टर बसलेले असतात आणि ते सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून विचारतात. अखेर निदान होते, तर औषध रुग्णालयाच्या खिडकीवर शिल्लक नसते. यांपैकी कोणताही एक प्रसंग तक्रार करण्याइतका मोठा वाटत नाही, म्हणून तक्रार होत नाही आणि बघता बघता वर्ष सरते.

त्यात आणखी एक अडचण आहे. कागद जपणे, तारखा लक्षात ठेवणे, एकाच कामाचा महिनोन्‌महिने पाठपुरावा करणे, ही तक्रारीला लागणारी कामे या विकारात सर्वांत जड जातात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आहे. शहरातील एका सरकारी रुग्णालयात त्याची पहिली नोंद झाल्यापासून पहिली औषधचिठ्ठी हाती पडेपर्यंत चौदा महिने गेले. त्या काळात त्याच्याकडून दोनदा केसपेपर हरवला आणि दोन्ही वेळा हा आपलाच दोष आहे असे समजून त्याने तक्रारीचा विचार सोडून दिला. पुढील मांडणी त्याच्यासारख्या रुग्णांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत रांगेत उभ्या राहणाऱ्या घरच्यांसाठीही आहे.

उशीर नेमका कोठे झाला आहे, ते आधी ठरवा

‘उपचार मिळत नाहीत’ एवढ्याच वाक्याच्या तक्रारीला ‘रुग्णाने ओपीडीत यावे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून आपण कोणत्या टप्प्यावर अडकलो आहोत, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेटच झालेली नाही, भेट झाली पण मानसशास्त्रीय चाचणी प्रलंबित आहे, निदान झाले पण उपचार सुरू झालेले नाहीत, किंवा उपचार सुरू होऊन औषधाअभावी खंडित झाले आहेत, असे हे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याचे उत्तर विभागप्रमुख देऊ शकतात. दुसऱ्या टप्प्यामागे बहुधा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या पदांचा प्रश्न असतो आणि चौथ्यामागे औषधखरेदीचा. हे दोन्ही प्रश्न ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांच्या हातात नसतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालून काहीही साध्य होत नाही.

प्रत्येक थांबणे म्हणजे हयगय नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. एडीएचडी ओळखण्यासाठी रक्ताची चाचणी नसते. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे पाहण्यासाठी शाळेची प्रगतिपुस्तके मागवली जातात किंवा आईवडिलांशी बोलले जाते. नैराश्य, चिंताविकार, झोपेचे विकार, थायरॉइडचे आजार आणि व्यसन यांमुळेही लक्ष टिकत नाही, म्हणून त्यांचा विचार करणे डॉक्टरांना भाग असते. उत्तेजक गटातील औषध देण्यापूर्वी नाडी, रक्तदाब आणि हृदयविकाराचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. यासाठी दोन-तीन भेटी लागल्या तर ते योग्यच आहे. आपली तक्रार आहे ती कारण न सांगता, तारीख न देता थांबवून ठेवण्याविषयी.

‘हा लहान मुलांचा आजार आहे, मोठ्यांना होत नाही’ असे सांगून परत पाठवले गेले असेल, तर तो उशीर राहत नाही, तो सेवेला दिलेला नकार ठरतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत सतरा वर्षे व त्यापुढील वयासाठी सहाऐवजी पाच लक्षणांची अट स्वतंत्रपणे दिलेली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणातही या विकाराला स्थान आहे. आपल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजाराचे निर्धारण राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेल्या वैद्यकीय मानकांनुसारच करायचे असते. अर्जात हे वाक्य शांतपणे लिहावे.

कायदा काय देतो

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा आपला मुख्य आधार आहे. त्याच्या कलम १८ मध्ये सरकारी किंवा सरकारी निधीतून चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क ‘प्रत्येक व्यक्ती’ला दिलेला आहे, आणि याच अधिनियमातील ‘मानसिक आरोग्य सेवा’ या संज्ञेत निदानाचाही समावेश होतो. त्यामुळे अजून निदानच झालेले नसताना हक्क कसला, असे कोणी म्हटले तर ही दोन कलमे एकत्र वाचून दाखवता येतात. ही सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि पुरेशा प्रमाणात उपलब्ध असावी, असेही त्याच कलमात म्हटले आहे. कलमात नमूद केलेल्या किमान सेवा जिल्ह्यातच उपलब्ध नसतील, तर जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्य सेवा घेण्याचा आणि तिचा खर्च शासनाने सोसण्याचा हक्क त्यात आहे. प्रत्यक्षात ही रक्कम मिळवणे सोपे नाही. तरीही अर्जात या तरतुदीचा उल्लेख जरूर करावा, कारण खर्चाचा प्रश्न आला की उत्तर लेखी येण्याची शक्यता वाढते.

कलम २८ मध्ये सेवेतील त्रुटींविषयी तक्रारीचा क्रम दिलेला आहे. प्रथम आस्थापनेचे प्रमुख, त्यांच्या उत्तराने समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, असा तो क्रम आहे. हा हक्क रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीलाही आहे. कलम १४ प्रमाणे असा प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून नेमता येतो. पाठपुरावा स्वतःला झेपणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हा कागद पहिल्याच दिवशी करून ठेवावा. घरातील विश्वासू व्यक्तीने तारखा सांभाळणे हा कमीपणा नाही, कायद्यानेच ती सोय केलेली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील एकवीस प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे दिव्यांगांसाठीच्या यंत्रणेकडे जाऊन सुरुवात करू नये. तेथे पात्रतेच्याच वादात वेळ जातो.

रुग्णालय कोणाचे आहे

सर्वांत जास्त अर्ज वाया जातात ते येथे. नागपुरात एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरावर असलेली सरकारी रुग्णालये वेगवेगळ्या मालकांची आहेत, आणि एका विभागाकडे दुसऱ्याच्या रुग्णालयाची तक्रार गेली की ती ‘योग्य कार्यालयाकडे वर्ग’ होत फिरत राहते.

‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ही दोन्ही राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत. तेथे विभागप्रमुखांच्या वर वैद्यकीय अधीक्षक, त्यांच्या वर अधिष्ठाता आणि अधिष्ठात्यांच्या वर मुंबईतील वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय असते. १८६४ साली सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. तेथील प्रमुख वैद्यकीय अधीक्षक असतात, आणि अर्जाची प्रत आरोग्य सेवा उपसंचालक, नागपूर मंडळ यांना द्यावी. राज्यात अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. उरलेली तीन पुणे, ठाणे आणि रत्नागिरी येथे आहेत. ‘पागलखाना चौक’ हे जुने नाव अजून लोकांच्या तोंडी असल्यामुळे नोकरी करणारे अनेक रुग्ण तेथील ओपीडीत जायला संकोचतात. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी त्यापायी जवळची एक सेवा गमावू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. मिहानमधील एम्स ही केंद्र सरकारची संस्था असल्याने तिच्याविषयीची तक्रार संस्थेच्या प्रमुखांकडे आणि त्यानंतर केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर करावी. राज्याच्या कार्यालयांचा तेथे अधिकार चालत नाही.

कागद एका जागी आणा

एक प्लास्टिकची फाइल घ्यावी आणि दोन पाने पुरतील एवढा तारखेवार तक्ता करावा. कोणत्या दिवशी गेलो, कोणाला भेटलो, काय सांगितले गेले, पुढची तारीख कोणती मिळाली, एवढेच त्यात लिहावे. डॉक्टरांचे नाव माहीत नसेल तर ‘ओपीडी खोली क्रमांक अमुक, निवासी डॉक्टर’ असे लिहिले तरी चालते. ओपीडीतून बाहेर पडताच, फाटकापाशी उभे राहूनच केसपेपरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा आणि तो घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला पाठवावा. ‘घरी गेल्यावर काढू’ असे ठरवले की तो फोटो राहून जातो.

तोंडी मिळालेली उत्तरे लेखी करून घेण्याचा एक साधा उपाय आहे. ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगितले गेले, तर ‘डॉक्टर, हे केसपेपरवर लिहून द्याल का?’ असे नम्रपणे विचारावे. बहुतेक डॉक्टर लिहून देतात. जुनी कागदपत्रे हरवली असतील, तर वैद्यकीय अभिलेख विभागाकडे प्रतींसाठी लेखी अर्ज करावा. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाने मागितलेला अभिलेख ७२ तासांत देण्याची तरतूद आहे आणि मानसिक आरोग्य अधिनियमाच्या कलम २५ मध्येही आपला अभिलेख पाहण्याचा हक्क आहे. केसपेपर हरवला म्हणून हक्क हरवत नाही.

पहिला अर्ज

लेखी अर्जाआधी एकदा विभागप्रमुखांना किंवा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना प्रत्यक्ष भेटावे. ओपीडीच्या गर्दीत जे सुटत नाही ते समाजसेवा अधीक्षकांच्या एका फोनने सुटलेले मी पाहिले आहे. तेथे आठ-दहा दिवसांत काही झाले नाही, तर अर्ज द्यावा.

अर्ज एका पानाचा असावा, त्यात एकच मागणी असावी आणि त्या मागणीचे उत्तर तारखेने देता यावे. सोसलेला त्रास लिहावासा वाटतो आणि तो खराही असतो. पण तीन पाने दुःख आणि शेवटी ‘योग्य कार्यवाही व्हावी’ असा अर्ज आला, की कोणती कार्यवाही योग्य हे कार्यालयच ठरवते. नोकरी जाण्याची वेळ आली आहे, वाहन चालवताना अपघात होता होता वाचलो, असे परिणाम एक-दोन वाक्यांत, घटना म्हणून लिहावेत. नमुना असा:

प्रति,
मा. अधिष्ठाता / वैद्यकीय अधीक्षक, (रुग्णालयाचे नाव), नागपूर.

विषय: मानसोपचार विभागातील प्रलंबित चाचणीसाठी निश्चित तारीख मिळणेबाबत.

महोदय / महोदया,
मी दिनांक ……… रोजी आपल्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नोंदणी केली असून माझा केसपेपर क्रमांक ……… आहे. दिनांक ……… रोजी मला मानसशास्त्रीय चाचणी सुचवण्यात आली. त्यासाठी मी ……… , ……… आणि ……… या तारखांना उपस्थित राहिलो / राहिले, परंतु चाचणी झाली नाही आणि त्याचे कारण मला लेखी कळवण्यात आले नाही. या विलंबामुळे ……… (परिणाम एका वाक्यात). मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार मला ही सेवा मिळण्याचा हक्क आहे. तरी चाचणीची निश्चित तारीख, अथवा ती देणे शक्य नसल्यास त्याचे कारण व पर्यायी व्यवस्था, हा अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत मला लेखी कळवावी, ही विनंती. सोबत केसपेपरच्या प्रती व तारखांचा तक्ता जोडला आहे.
आपला विश्वासू / आपली विश्वासू,

निदान झालेले असल्यास शेवटून दुसऱ्या वाक्याच्या आधी कलम २८ चा उल्लेख करून ही त्या कलमाखालील तक्रार समजावी, असे लिहावे. पंधरा दिवसांची मुदत कायद्यातील नाही, ती आपण घातलेली आहे. तिचा उपयोग पुढच्या पायरीला कधी जायचे, हे आपल्याला कळावे यासाठी आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आवक-जावक कक्षात एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ‘साहेब नाहीत, नंतर या’ असे सांगितले गेले तर तेथे थांबू नये. त्याच दिवशी तो अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती फाइलमध्ये लावावी. शिक्का नसलेला अर्ज पुढच्या कोणत्याही कार्यालयात दिलाच नव्हता असे धरले जाते, म्हणून या एका गोष्टीबाबत अजिबात तडजोड करू नये.

उत्तर आले नाही तर

राज्याच्या रुग्णालयांसाठी ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तेथे मिळणारा टोकन क्रमांक तक्त्यात लिहून ठेवावा आणि पहिल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडावी. एम्ससाठी केंद्राच्या पोर्टलवर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवारणासाठी २१ दिवसांची मुदत आहे. उत्तर असमाधानकारक असल्यास तेथेच अपील करता येते. पोर्टलवर तक्रार ‘निकाली’ दाखवली गेली आणि प्रत्यक्षात काहीच झाले नाही, तर त्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवावा.

सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा लोकशाही दिन होतो. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तो वैयक्तिक स्वरूपाचा असावा लागतो. येथे संबंधित अधिकाऱ्याला समोरासमोर उत्तर द्यावे लागते, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र सभागृहात इतर लोक असतात. आपल्या आजाराची चर्चा चारचौघांत नको असेल, तर ही पायरी वगळावी.

माहितीचा अधिकार याच्या जोडीने वापरावा, कारण उशिराचे खरे कारण बहुतेक वेळा त्यातूनच बाहेर येते. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते. राज्याच्या कार्यालयाकडे करायचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. त्यात स्वतःच्या आजाराचा उल्लेख करण्याचे काहीही कारण नाही. मानसोपचार विभागात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, चाचणीसाठी आज प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांची संख्या किती, मिथाइलफेनिडेट व ॲटोमॉक्सेटिन ही एडीएचडीवरील औषधे रुग्णालयाच्या औषधसूचीत आहेत का, असल्यास मागील एका वर्षात ती किती दिवस शिल्लक नव्हती आणि मागणीपत्र कधी पाठवले, एवढे विचारावे. उत्तर न आल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे ९० दिवसांत करता येते. ‘पद तीन वर्षांपासून रिक्त आहे’ असे एक लेखी वाक्य हाती आले, तर पुढच्या अर्जाचे वजन पूर्ण बदलते.

पुनर्विलोकन मंडळ

निदान झालेल्या रुग्णासाठी सर्वांत परिणामकारक दरवाजा हाच आहे आणि तो सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. कलम ७७ प्रमाणे रुग्ण, त्याचा प्रतिनिधी, किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी मंडळाकडे अर्ज करू शकतो. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. अर्जदाराचे नाव व संपर्क, कोणत्या आस्थापनेत काय घडले, कोणत्या हक्काचा भंग झाला आणि कोणता दिलासा हवा, एवढा मजकूर पुरतो. रुग्ण आस्थापनेत दाखल असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत त्याचा तोंडी किंवा दूरध्वनीवरूनही अर्ज स्वीकारण्याची तरतूद आहे. सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे लोकशाही दिनाची अडचण येथे येत नाही. अर्ज ९० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न मंडळाने करायचा असतो. नागपूर जिल्ह्यासाठीच्या मंडळाचा पत्ता प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावा.

वकिलाची गरज वाटल्यास पैशांअभावी थांबू नये. या अधिनियमाखालील हक्क बजावण्यासाठी मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क कलम २७ मध्येच आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. मंडळाच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ आहे. ग्राहक आयोगाची वाट मात्र येथे बहुधा बंद असते. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतात आणि नोंदणीचे नाममात्र शुल्क म्हणजे मोबदला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

औषधाचा प्रश्न

मिथाइलफेनिडेट हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत आहे. त्यासाठी दुकानदाराकडे वेगळा परवाना असावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे ठेवावी लागते. म्हणून मेडिकल चौकातील एखाद्या दुकानदाराने साधी चिठ्ठी पाहून ‘मिळत नाही’ म्हटले, तर त्यात त्याचा दोष असतोच असे नाही. ओपीडीतूनच दोन प्रतींत, पूर्ण नाव, मात्रा व कालावधी लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी. ॲटोमॉक्सेटिनला ही अनुसूची लागू नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे मध्येच खंड पडला तर नुकसान मोठे होते. रुग्णालयाच्या खिडकीवर औषध नसेल तर ‘शिल्लक नाही’ हा शेरा चिठ्ठीवर तारखेसह मागावा आणि बाहेरून घेतलेल्या औषधाची बिले जपावीत. दुसऱ्या कोणाची शिल्लक औषधे घेऊन दिवस काढणे धोक्याचे आहे, ते करू नये.

वाट पाहण्याच्या काळात मन खचत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तारखेची वाट न पाहता कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि ते विचार स्पष्ट शब्दांत सांगावेत.

तक्रारीला यश येऊ लागले की बहुधा एक फोन येतो. चाचणीची तारीख दिली जाते आणि ‘तक्रार मागे घेतो असे लिहून द्या’ असे सांगितले जाते. तारीख आनंदाने घ्यावी, आभारही मानावेत, पण माघारीच्या कागदावर त्या वेळी सही करू नये. ‘दिनांक ……… ची वेळ मिळाली आहे, उपचार सुरू झाल्यावर कळवीन’ एवढे लिहून द्यावे. माझ्या भावाने चाचणी झाली, निदान झाले आणि सलग दोन महिने औषध खिडकीवर मिळाले, तेव्हाच तक्रार संपल्याचे पत्र दिले. त्याही पत्राच्या प्रतीवर त्याने आवक शिक्का घेतला.